गैरहजर पित्त

“मास्तर, पोरीनं बाराखडी गिरवली का तिच्या बापाच्या आंगावर पित्त उठते काय?”

हा प्रश्न मनकर्णीनं भर शाळेत, उभं राहून, हाताची घडी घालून विचारला. तुझी विचारायची हिंमतच होणार नाही, असं वर्गातल्या दुर्पता आणि जमना आदल्या दिवशी पैजेवर म्हणाल्या होत्या, आणि तेरावं वर्ष लागल्यापासून मनकर्णीला कुणी ‘हिंमत नाही’ म्हटलेलं खपत नसे. शाळा भरत होती एका कापसाच्या वखारीच्या ओसरीवर, आणि तिन्ही बाजूंना गाठी रचलेल्या असल्यामुळे आतला आवाज बाहेर जात नसे. वखारीत माल जास्त आला की शाळा मागं सरकायची, माल गेला की पुढं यायची. अमरावतीत त्या दिवसांत कापसापुढं सगळ्यांनाच सरकावं लागत होतं, विद्येनं तेवढं मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं.

मास्तर पुण्याकडचे. त्यांनी पागोटं नीट केलं, प्रश्न मनातल्या मनात शुद्ध करून घेतला आणि म्हणाले, “हा विषय दुसऱ्या इयत्तेला नाही.”

मनकर्णीनं पैज जिंकली, पण उत्तर काही मिळालं नाही. आणि गंमत अशी, की पैज नसती तरी तिला ते उत्तर हवंच होतं, कारण त्याच्यावर तिची शाळा टांगलेली होती.

तिचे वडील खुशालराव यांची वलगावकडं काळी जमीन होती. समुद्रापलीकडं कुठं तरी गोऱ्यागोऱ्यांत लढाई जुंपली आणि तिथला कापूस बंद झाला, म्हणून विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाडाची आठवण झाली. लढाई कोण कुणाशी करतंय हे खुशालरावांना माहीत नव्हतं. त्यांनी दोन्ही बाजूंना मनापासून यश चिंतलं. मग अंबादरवाजाच्या आत घर झालं, कमरेला बोटाएवढा जाड चांदीचा करगोटा आला, आणि कापूस विकल्यावर मनकर्णीचं लग्न करायचं असं ठरलं. पण भाव रोज चढत होता, त्यामुळे कापूस विकायला आज कधीच योग्य दिवस नसे. लग्न लांबलं. तेवढ्या सवडीत सरकारनं पोरींची शाळा काढली, मामलेदारांनी प्रतिष्ठित मंडळींना ‘मुली पाठवा’ म्हणून सुचवलं, आणि आपल्याला प्रतिष्ठित मंडळींत धरलं या आनंदात खुशालरावांनी मनकर्णीच्या हातात पाटी दिली.

त्याच पंधरवड्यात त्यांच्या अंगावर पित्त उठलं.

उठलं म्हणजे साधं नाही. सकाळी पाठीवर लाल चट्टे, दुपारी मांडीवर, संध्याकाळी दंडावर. एका जागी तास-दोन तास राहायचं, मग मागं खूण न ठेवता जायचं आणि दुसरीकडं बिऱ्हाड करायचं. खुशालराव दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहत. बाभळीला अंग घासणाऱ्या बैलाला कुणी हसत नाही, पण माणूस प्रतिष्ठित झाला की त्याला ती सवलत राहत नाही.

पहिला इलाज शेजारच्या गोदाबाईंचा. गोदाबाई स्वतः कधी आजारी पडत नसत, त्यामुळे त्यांचे सगळे इलाज दुसऱ्यांवर करून पाहिलेले होते. त्यांनी खुशालरावांच्या अंगभर गेरू फासायला लावला आणि वरून घोंगडी गुंडाळली. महिना चैताचा. अमरावतीत चैतात सावलीसुद्धा सावली शोधते. त्या उन्हात खुशालराव घोंगडीत बसले, आणि घामानं गेरू वाहून ओट्यावरून खाली गल्लीत गेला. पित्त गेलं नाही. ते घोंगडीखाली फोफावलं.

दुसरा इलाज नत्थुजींचा. नत्थुजी समोरच्या घरात राहत आणि गल्लीतल्या प्रत्येक अडचणीत आमंत्रणाची वाट न पाहता हजर होत. त्यांनी एका फकिराचा काळा गंडा आणला आणि खुशालरावांच्या दंडाला करकचून आवळला, कारण ढिला गंडा म्हणजे भोक पडलेली मोट, त्यातून गुण गळून जातो. दुसऱ्या दिवशी गंड्याच्या बरोब्बर खाली चांगला टरटरून वळ उठलेला. नत्थुजी खूश झाले. म्हणाले, पाहा, रोग इथं धरला गेला, आता त्याला वर चढू द्यायचा नाही. म्हणून वर दुसरा गंडा. त्याच्याखाली दुसरा वळ. मग रोग घाबरून मनगटाकडं पळेल म्हणून तिथं तिसरा. एका जोशीबुवानं सांगितलं की चांदी थंड असते, तेव्हा करगोटा अंगाला घट्ट भिडला पाहिजे. तो घट्ट केला, आणि कमरेभोवती करगोट्याएवढाच जाड दुसरा, लाल करगोटा उठला. वैद्यबुवांनी वांगं, दही, तुरीची डाळ आणि मिरचीचा ठेचा बंद केला. ठेच्याशिवाय भाकरी खाताना खुशालराव असे दिसत, की आता जप्तीच यायची राहिली आहे.

मनकर्णीची माय पार्बताबाई रोज नवा दोरा बघून म्हणायची, यांना आता दोऱ्यानं आढ्याला टांगलं की इलाज पुरा होईल. पण ती हे चुलीपाशी म्हणायची, आणि चुलीपाशी केलेलं निदान कुणी धरत नाही.

सगळे इलाज थकल्यावर गोदाबाईंनी कारणाकडं मोर्चा वळवला. त्या ओट्यावर बसल्या, पानाला चुना लावला आणि म्हणाल्या, “खुशालराव, तुमच्या आंगावर हे कवापासून हाय? पोट्टीच्या हातात पाटी आली तवापासून. बाईमानसाच्या हाती अक्षर गेलं का घरच्या मानसाले भोगा लागते. मी काही म्हनत नाई. म्हनते आपली.”

खुशालरावांनी हिशेब लावून पाहिला, तर पंधरवडा जुळत होता. त्याच सुमारास नवा करगोटा आला होता, नवं घर झालं होतं आणि म्हैस व्याली होती, पण त्यांतलं कुणी बाराखडी म्हणत नव्हतं. त्यांनी मनकर्णीला बोलावलं. बोलणं मोठं नव्हतं. ते म्हणाले, “शेवटचं अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात दाखोतो. तेथंबी काही नाई झालं, तं तुही शाळा बंद.”

दवाखाना अमरावतीतही होता. पण त्याच्या पायरीवर खुशालराव दिसले असते तर संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं, की कापूसवाल्या खुशालरावांना काही तरी चिकटलंय. म्हणून अकोला. लोकांना सांगायचं, तिकडचा भाव बघायला चाललो. गल्लीतली झाडून सगळी माणसं भाव बघायला निघालेल्या खुशालरावांना पोचवायला आली, आणि पित्त बरं होऊन या म्हणाली.

नत्थुजी बरोबर निघालेच, कारण अकोल्याला त्यांची ओळख होती. कुणाशी, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणि मनकर्णीला पाटीलेखणीसकट गाडीत घातलं तेही नत्थुजींनीच. त्यांचं म्हणणं, डाक्टरपुढं रोग न्यायचा तर कारणही नेलं पाहिजे, नाही तर तो अर्धाच इलाज करेल. चोरीच्या खटल्यात मुद्देमाल नेतात, तशी मनकर्णी निघाली. आपण मुद्देमाल आहोत याचं तिला वाईट वाटलं, पण अकोला बघायला मिळणार होतं, त्यामुळे ते वाईट वाटणं मूर्तिजापूरपर्यंतच टिकलं.

रस्ताभर कापसाच्या गाड्यांची रांग. कुणाची गाडी पुढं, यावरून गाडीवानांची भांडणं, धूळ, आणि मधोमध चट्ट्यांनी बहरलेले खुशालराव. मूर्तिजापूरच्या पुढं एका लिंबाखाली गाडी सोडली असताना त्यांनी मनकर्णीकडं पाठ केली. म्हणाले, हात पोचत नाही तिथं तुझ्या त्या लेखणीनं जरा खाजव.

मनकर्णीनं वरून खाली एक रेघ ओढली, मग आडवी एक. थोड्या वेळानं बघते तो जिथं लेखणी फिरली होती तिथंच, तेवढाच, फुगलेला लाल वळ. शेतात नांगराचं तास उमटावं तसा. तिनं स्वतःच्या हातावर रेघ ओढून पाहिली, काही उठलं नाही. नत्थुजी झोपले होते, त्यांच्या पोटरीवर ओढून पाहिली. तिथंही काही नाही, फक्त त्यांनी झोपेत कुणाला तरी शिवी दिली. मग तिनं बापाच्या पाठीवर हळूच ‘क’ काढला. पाटीवर तिचा ‘क’ नेहमी पोटात चेपलेला असायचा. इथं तो असा ठसठशीत उठला, की मास्तरांनी वर्गात फिरवला असता.

मनकर्णीला एका क्षणात सगळं दिसलं. गंड्याखालचा वळ, करगोट्याखालचा वळ, घोंगडीखालचा भडका. जिथं दाबलं तिथं उठलं, जिथं घासलं तिथं उठलं. ती उडी मारून सांगणारच होती, आणि तोंड उघडल्यावर तिच्या लक्षात आलं की सांगायचं ते काय? की मी लिहिलं म्हणून तुमच्या अंगावर उठलं? गोदाबाई याहून वेगळं काय म्हणत होत्या? तिनं तोंड मिटलं आणि पदर सारखा करून द्यावा तशी बापाची बंडी खाली ओढून दिली.

अकोल्याला पोचले तेव्हा पित्त गेलेलं होतं.

दवाखान्याच्या ओसरीवर एक कारकून बसला होता. आधी नाव, गाव, मग रोग. नत्थुजींनी ‘पित्त’ सांगितलं. कारकून म्हणाला, दाखवा. खुशालरावांनी बंडी काढली. पाठ नुसती पाटी पुसल्यासारखी. कारकुनानं पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि कलम कानावर ठेवलं.

“रोगी हजर आहे,” तो म्हणाला, “पण रोग गैरहजर आहे. रोग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आत सोडता येत नाही.”

नत्थुजींनी सांगितलं, काल होता, परवा होता, गाडीवान साक्षीला आहे. कारकून म्हणाला, साक्षीवरून रोग ठरवणं हे कचेरीचं काम, दवाखान्याचं नाही. उद्या रोग घेऊन या. ते धर्मशाळेत परतले, खुशालराव सतरंजीवर टेकले, आणि अंगभर पित्त उठलं. तसेच धावत दवाखान्यात गेले. दवाखाना बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अंग स्वच्छ. नत्थुजींनी सुचवलं, अर्ज करू. कारकून म्हणाला, रोग जावा म्हणून अर्ज घेतो, यावा म्हणून घेत नाही.

एव्हाना ओसरीवर बसलेल्या बाकीच्या रोग्यांना या प्रकरणात गोडी वाटू लागली होती. ज्याचा पाय सुजला होता त्याचा पाय उघड सुजलेला होता. ज्याला खोकला होता तो खोकत होता. बिनरोगाचे असे एकटे खुशालराव. कुणी तरी म्हणालं, पैशाचा माज, दुसरं काय. खुशालरावांनी बंडी अंगात घातली आणि उठले. म्हणाले, चला घरी. मग मनकर्णीकडं न बघता म्हणाले, “पाटी वखारीत देऊन टाकू.”

मनकर्णी लेखणी हातात धरून उभी होती. बोललं तर शाळा जाणार, आणि नाही बोललं तरी जाणार. दोन्हीकडून जायचीच असेल तर निदान बापाचं अंग तरी राहावं, असा तिनं झटपट हिशेब केला. हे तिनं पुढं सांगितलं म्हणून कळलं. त्या वेळी बघणाऱ्यांना एवढंच दिसलं, की एक पोरगी पुढं झाली, बापाचा हात धरून तिनं त्यावर लेखणीच्या मागच्या टोकानं काही तरी खरडलं आणि कारकुनाला म्हणाली, “थांबा जरासाक. येऊन राह्यला.”

सगळी ओसरी त्या हाताकडं बघत राहिली. आधी पांढरी रेघ, मग गुलाबी, मग फुगून वर. खुशालरावांच्या हातावर मोठ्या, गोल, दुसऱ्या इयत्तेतल्या अक्षरात शब्द उठला: हजर.

कारकुनानं कलम कानावरून काढलं आणि मुकाट्यानं दार उघडलं.

डाक्टर मद्रासकडचे, बोलायचे हिंदुस्थानी, पण तीही मद्रासकडची. त्यांनी हात उजेडात धरून बराच वेळ बघितला. मनकर्णीनं एका दमात सगळं सांगून टाकलं, लिंबाखालच्या ‘क’सकट. फक्त नत्थुजींची पोटरी वगळली. डाक्टरांनी लेखणी घेतली नाही. कपाटाची किल्ली घेतली आणि खुशालरावांच्या दुसऱ्या हातावर ओढली. वळ उठला. चमच्याचा दांडा ओढला, वळ उठला. मग नुसतं नख.

“लिखने से नहीं,” ते म्हणाले. “दबने से, घिसने से. चमडी नाजूक है. यह सब रस्सी खोलो.”

गंडे कापले, करगोटा सैल केला. घोंगडी, गेरू, घासणं बंद. नत्थुजींनी विचारलं, हे कायमचं कधी जाईल? डाक्टर म्हणाले, जाईल, एक दिवस आपोआप जाईल. तो दिवस कोणता, ते चमडीला ठाऊक. औषध लागत नाही म्हणत होते, पण अकोल्याहून रिकाम्या हातानं परत गेलो तर गल्लीत तोंड कसं दाखवू, असं नत्थुजींनी विचारल्यावर त्यांनी अंगाला लावायच्या गार पाण्याची एक बाटली भरून दिली.

परतीच्या वाटेवर मनकर्णी गाणं म्हणत होती. खुशालरावांचं पित्ताचं दुःख हलकं झालं होतं, पण ‘नाजूक’ हा शब्द लागला होता. त्यांच्या घराण्यात आजवर लोकांना आडमुठं म्हटलं गेलं होतं, कंजूष म्हटलं गेलं होतं, एका आजोबांना तर उघड चोर म्हटलं गेलं होतं. नाजूक कुणालाच नाही.

ते दुःख नत्थुजींनी गल्लीत पाय ठेवताच दूर केलं. त्यांच्या सांगण्यात कारकून नव्हता. डाक्टर खुर्चीवरून उठले होते आणि त्यांनी हात जोडले होते. खुशालरावांच्या कातडीत काही तरी आहे, जे मद्रासपर्यंत कुणाच्या कातडीत नाही. गोदाबाई म्हणाल्या, दाखवा. आणि इथं चूक मनकर्णीचीच. अकोल्याचा विजय अजून अंगात होता, तिनं मोठ्या ऐटीत बापाच्या हातावर ‘अंबा’ लिहिलं. अक्षरं उठली. गोदाबाईंनी पान थुंकलं, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

“म्या तवाच म्हनलं होतं,” त्या म्हणाल्या, “पोट्टीच्या पाटीत काही तरी हाय.”

दुसऱ्या दिवशी ओट्यावर चार बाया, तिसऱ्या दिवशी गल्ली भरली. मंगळवारी तर अंबादेवीला आलेली माणसं परस्पर इकडं वळू लागली. कुणाला विठ्ठल हवा, कुणाला मारुती, कुणाला हरवलेल्या बैलाचं नाव. नारळ येऊ लागले. खुशालराव धुतलेलं धोतर नेसून दोन्ही हात पुढं करून बसत, आणि कापसाच्या भावाबद्दल कुणी विचारलं तर आता त्याचं काय, अशा नजरेनं बघत. अक्षर काढायला माणूस एकच, मनकर्णी. मास्तर चौकशीला आले तर त्यांना नारळाचा तुकडा मिळाला, आणि हात चालवून पाहा म्हणून आग्रहही. मास्तरांचा हात जड निघाला, आणि त्यांनी काढलेला ‘श्री’ एवढा लफ्फेदार होता की तो देव कोणता हेच कुणाला कळेना. मनकर्णीचं गोल अक्षर लोकांना देवासारखं वाटे. शाळेचं नाव काढलं की पार्बताबाई म्हणायची, एवढं लिहिता येतं, आणखी काय शिकायचं राहिलं? आधी लिहिण्यानं रोग येतो म्हणून शाळा बंद होणार होती, आता लिहिण्यानं देव येतो म्हणून बंद झाली. मनकर्णीला यातला फरक शोधून सापडला नाही.

दुर्पता आणि जमना एकदा रांगेतून आल्या. तिसरी इयत्ता सुरू झाली, भागाकार चालू आहे, असं त्यांनी सांगितलं. भागाकार कसा असतो हे मनकर्णीला विचारायचं होतं, पण मागच्या बाईला दत्त हवा होता.

त्या दुपारी खुशालरावांनी हात पुढं केला तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत रिकामी जागा नव्हती. अकोल्याहून आल्यावर निवालेलं अंग पुन्हा पेटलं होतं. रात्ररात्र झोप नव्हती. सैल केलेला करगोटा त्यांनी काढून फडताळात टाकला होता. लोक बघत होते म्हणून चेहरा देवळातल्यासारखा ठेवला होता, पण लेखणी टेकली तसे ते हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले, “हलक्यानं लिवजो, माय.”

तिनं दत्त लिहिला. हलक्यानं लिहिला. तरी उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालराव हात धुऊन ओट्यावर निघाले, तर मनकर्णी दारात. डोक्याला तेल, पोलक्याचे बंद बांधलेले, पाटी काखेत. बाहेर लोक बसलेलेच होते. पार्बताबाई चुलीपुढून उठून आली. तिनं विचारलं, हे कुठं?

“शायेत,” मनकर्णी म्हणाली. “आजपासून रोज. अन् बाबा, तुमच्या हातावर मी आता लिवनार नाई. डाक्टरनं दाबू नोका म्हनलं होतं, अन् मी रोज दाबून राह्यली.”

खुशालरावांनी बाहेरच्या गर्दीकडं पाहिलं. नारळ हातात घेतलेले लोक, सगळ्यांत पुढं गोदाबाई. त्यांनी आवाज खाली आणला. “येवढे लोक आले हायेत, पोरी. त्याईले काय सांगू मी?”

“सांगा का ज्याले देवाचं नाव पाह्याचं हाय, त्यानं आपली पोट्टी शायेत धाडा. ते शिकली का तिच्या बापाच्या हातावर लिवन. तिथं उठलं तं उठलं.”

पार्बताबाईनं पदर तोंडाला लावला. खुशालरावांचा उजवा हात आपोआप डाव्या हाताकडं गेला, खाजवायला, आणि मध्येच थांबला.

“अन् तू?” ते म्हणाले.

मनकर्णीनं पाटी काखेत नीट बसवली.

“मी पाटीवर लिवीन,” ती म्हणाली. “पाटीले खाज येत नाई.”